इजिप्तच्या देवळातला खांब वाचायचा कसा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत

इजिप्तला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा की कर्नाकच्या देवळाचे खांब कसे होते, उत्तर ठरलेलं असतं, "बापरे, केवढे मोठे!" आणि विषय तिथेच संपतो. मोठे आहेतच, पण ते इतके जाड का, एकमेकांना इतके खेटून का उभे, मधले उमललेले आणि बाजूचे मिटलेले का, पायाशी निमुळते का होतात, हे कुणी सांगत नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळा वेळ वर बघत फिरले, मान दुखून आली, आणि परत आल्यावर फोटो बघताना लक्षात आलं की खालचं निम्मं आपण बघितलंच नाही. दुसऱ्या खेपेला खालून सुरुवात केली आणि एकेका खांबापाशी वीस-वीस मिनिटं गेली. तेव्हा जे कळलं ते क्रमाने लिहितेय, तिकडे जाणार असाल तर उपयोगी पडेल, आणि जाणार नसाल तरी म्युझियममध्ये किंवा फोटोत बघताना पडेलच.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. खांब समोर आला की त्यात झाड शोधायचं. कारण इजिप्शियन लोकांच्या समजुतीप्रमाणे सुरुवातीला सगळीकडे नुसतं पाणी होतं, त्याला ते नून म्हणायचे, त्या पाण्यातून मातीचा एक उंचवटा वर आला, त्याच्या कडेच्या चिखलात लव्हाळी उगवली, आणि तिथे देव प्रकटला. देऊळ म्हणजे ती पहिली दलदल, दगडात परत उभी केलेली. हे डोक्यात ठेवून आत गेलात की बाकीचं आपोआप जुळत जातं. जमीन आत आत जाताना हळूहळू चढते (तोच तो उंचवटा), छत खाली येत जातं, छताला निळ्या रंगावर पिवळे तारे, भिंतींच्या तळाशी बऱ्याच ठिकाणी पाणवनस्पतींची रांग कोरलेली, आणि या पाणी नि आकाशाच्या मध्ये खांबांचं रान. नाईलचा पूर फार मोठा आला की पाणी खरोखरच देवळात शिरायचं, लक्सरच्या देवळात अशा एका पुराची नोंदच कोरून ठेवली आहे, तिसरा ओसोर्कोन राजा असतानाची. त्या वेळी तिथे कसं दिसलं असेल, खांब अर्धे पाण्यात आणि वर तारे, याचा विचार करत मी त्या देवळात बराच वेळ बसले होते.

आता प्रत्यक्ष खांबाकडे. पायथ्यापासून सुरू करायचं. खाली एक गोल चपटी बैठक असते, तिच्यावर खांब जिथे उभा राहतो तिथे बघा की तो जाड होतो की बारीक. पपायरसचा (नाईलकाठच्या चिखलात उगवणारी उंच, लव्हाळ्यासारखी वनस्पती) खांब खाली एकदम आत वळतो, जमिनीपाशी निमुळता, मग वर फुगतो, आणि पुन्हा वर जाताना हळूहळू बारीक होतो. त्या निमुळत्या भागाभोवती त्रिकोणी टोकदार पानं कोरलेली असतात, एकात एक बसवल्यासारखी. पपायरसचा देठ चिखलातून वर येताना त्याच्या बुडाशी जे पात्यांचं आवरण असतं ना, तेच ते. ही पानं दिसली की अर्धं काम झालं, पपायरस ओळखला. एक लक्षात ठेवा, बऱ्याच देवळांत खांबांचे बूड जमिनीतल्या खारट पाण्याने खाऊन टाकलेत आणि खालचा भाग नवा भरलेला असतो, त्यामुळे एका खांबाला पानं दिसली नाहीत तर शेजारचा बघा.

मग देठ. इथे बोटांपेक्षा डोळ्यांनी काम करायचं, हात लावायचा नाही, पण जवळ जाऊन एका बाजूने बघायचं. खांब सलग गुळगुळीत आहे की बऱ्याच देठांची जुडी बांधल्यासारखा? जुडी असेल तर प्रत्येक देठाच्या मधोमध उभी धार आहे का? पपायरसचा देठ कापला तर त्रिकोणी निघतो, आणि शिल्पकारांनी ती धार विसरायची नाही असं जणू ठरवलेलं, दगडात ती इतकी स्वच्छ उतरवलीये की दुपारी कलत्या उन्हात प्रत्येक देठाची एक बाजू उजळ आणि एक बाजू सावलीत दिसते. कमळाच्या खांबाचे देठ गोल असतात, धार नसते, पायाशी पानं नसतात, आणि खाली तो निमुळताही होत नाही, सरळ उभा.

कमळ म्हणतोय खरं आपण, पण इजिप्तचं ते जुनं फूल म्हणजे आपण ज्याला कुमुद म्हणतो ते, पाण्यावर तरंगत्या गोल पानांचं. त्यातलं निळं सकाळी उमलतं आणि दिवस चढला की मिटतं, म्हणून ते सूर्याचं फूल. सूर्य रोज त्यातून जन्मतो अशी कल्पना होती. आणि पपायरस म्हणजे हिरवेपणा, ताजेपणा, कोवळीक. चित्रलिपीत पपायरसच्या देठाचं चिन्ह आहे, उच्चार साधारण "वाज", आणि त्याचा अर्थच मुळी हिरवं, टवटवीत असा होतो. त्याच आकाराचे हिरव्या दगडाचे ताईत मेलेल्या माणसाबरोबर ठेवायचे. म्हणजे देवळात असे शे-दीडशे खांब उभे करणं म्हणजे तोच एक शब्द दगडात शे-दीडशे वेळा लिहिणं.

देठांच्या वर, फुलाच्या जरा खाली, आडवे पट्टे दिसतील, बहुतेक वेळा पाच. ही दोरी आहे. जुडी सुटू नये म्हणून बांधलेली. लक्सरच्या देवळात तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या अंगणात उभे राहून हा भाग नीट बघा, शक्य असेल तर साधी दुर्बीण न्या, कारण इथे एक फार सुंदर गोष्ट आहे. पाच पट्ट्यांच्या खाली मोठ्या देठांच्या मधल्या खाचांमध्ये छोटे छोटे देठ खोचलेले आहेत, तीन-तीनच्या गटात, जुडी बांधून झाल्यावर मोकळ्या जागेत कोवळे कोंब खोचावेत तसे. बांधकामात त्यांचा काडीचा उपयोग नाही. दगड दोरीने बांधावा लागत नाही आणि खाचेत कोंब खोचल्याने छत जास्त भक्कम होत नाही. पण पूर्वी खरोखरच लव्हाळ्याच्या जुड्या बांधून, चिखलाने लिंपून खांब करायचे, आणि दगड हाती आल्यावरही ती आठवण त्यांनी सोडली नाही. मला सगळ्या इजिप्तमध्ये सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट कुठली असं विचारलं तर मी हे खोचलेले कोंबच सांगेन.

दोरी झाली की माथा. मिटलेली कळी असेल तर वर जाताना निमुळती होते, आणि तिच्यावर चौकोनी ठोकळा स्पष्ट दिसतो, त्यावर तुळई. कमळाची कळी आणि पपायरसची कळी यात घोळ झाला तर बाहेरच्या पाकळ्या बघा, कमळात त्या कळीच्या जवळजवळ टोकापर्यंत पोचतात, पपायरसमध्ये खालीच थांबतात. कमळाचे खांब मोठ्या देवळांत कमी, थडग्यांमध्ये जास्त सापडतात, बेनी हसनला डोंगरात कोरलेल्या थडग्यांमध्ये चांगले आहेत, आणि तिथेच शेजारी आठ आणि सोळा बाजूंचे साधे खांबही आहेत, जे बघून चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोलियाँला ग्रीक देवळांतल्या साध्या डोरिक खांबांची आठवण झाली होती.

उमललेलं फूल असेल तर वर तोंड केलेल्या घंटेसारखं पसरतं, आणि मग ठोकळा शोधायला लागतो. तो असतो, पण फुलाच्या रुंदीच्या मानाने इतका लहान की खालून दिसतच नाही. त्यामुळे तुळई फुलाला टेकलेली वाटत नाही, छत वर तरंगतंय असंच वाटतं. हे मुद्दाम केलंय. छत म्हणजे आकाश, आणि गवताच्या काड्यांवर आकाशाचं ओझं टाकलेलं दिसून कसं चालेल! खांबाच्या अगदी जवळ उभे राहून सरळ वर बघा, मग वीसेक पावलं मागे जाऊन परत बघा, ठोकळा लपतो कसा आणि दिसतो कसा ते लगेच समजेल.

खजुराच्या खांबाबद्दल थोडक्यात. खजुराच्या झावळ्या वर पसरलेल्या दिसतात आणि लोक म्हणतात हे खजुराचं झाड. पण झावळ्यांच्या खाली परत तीच दोरी आहे, म्हणजे हे झाड नसून खांबाभोवती झावळ्या बांधल्या आहेत. दोरीचा एक फास खाली लोंबतानाही दाखवलेला असतो, तो चुकवू नका. अबुसीरला साहुरे राजाच्या पिरॅमिडच्या देवळात असे १६ खांब होते, अस्वानच्या ग्रॅनाइटचे, पाचव्या घराण्यातले, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे.

एक खांब वाचता आला की मग तो कुठे उभा आहे ते बघायचं, आणि त्यासाठी कर्नाकच्या मोठ्या दालनासारखी दुसरी जागा नाही. एकूण १३४ खांब. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी सहा-सहा असे १२ खांब सुमारे २१ मीटर उंच, घेर दहा मीटरच्या आसपास, म्हणजे सहा माणसांनी हात पसरून धरावं लागेल, आणि हे सगळे उमललेले. बाकीचे १२२ खांब बऱ्याच कमी उंचीचे, आणि ते सगळे मिटलेले. का? कारण मधलं छत उंच आणि बाजूचं कमी, आणि या दोन उंचींच्या फरकात दगडी जाळ्यांच्या खिडक्या होत्या, काही जाळ्या अजून जागेवर आहेत. उजेड यायचा तो तिथूनच, मधल्या वाटेवर. बाजूला काळोख वाढत जायचा. म्हणजे जिथे ऊन पोचतं तिथे फुलं उमललीत आणि जिथे सावली आहे तिथे कळ्या मिटून आहेत! आता छत बहुतेक गेलंय, ऊन सगळीकडे पडतं, म्हणून हे आपल्या लक्षात येत नाही, ते मनातल्या मनात परत बंद करून बघावं लागतं. त्यासाठी बाजूच्या रांगांमध्ये आत जा, जिथे वर अजून तुळया शाबूत आहेत तिथे उभे राहा आणि तिथून मधल्या वाटेकडे बघा.

तिथून आणखी एक गोष्ट दिसेल, म्हणजे खरं तर दिसणार नाही, कारण दोन-तीन खांबांच्या पलीकडे काहीच दिसत नाही. खांब इतके दाट आहेत. काही लोकांना हे बोजड वाटतं, ग्रीक देवळांची सवय झालेल्यांना तर नक्कीच, मला ते पटत नाही. दाटीचं एक कारण सरळ आहे, दगड दाब भरपूर सोसतो पण वाकवला की तडकतो, चुनखडीची तुळई तीनेक मीटरच्या पुढे टाकायची म्हणजे धोका, वालुकाश्म त्याहून बराच जास्त पेलतो, म्हणूनच 'नवं राज्य' म्हणतात त्या काळात (साधारण इसवी सनपूर्व १५५० ते १०७०) गेबेल एल सिलसिलाच्या खाणीतला वालुकाश्म एवढा वापरला गेला. पण नुसतं तेवढंच असतं तर खांब थोडे बारीक आणि थोडे लांब लांब ठेवता आले असते. त्यांना लव्हाळ्याचं बेट हवं होतं, ज्यात शिरल्यावर वाट दिसत नाही. नदीकाठच्या दाट लव्हाळ्यात कधी शिरला असाल तर तो अंधार, ती जवळीक ओळखीची वाटेल.

भिंतींवरचं कोरीवकाम बघायचं असेल तर एक छोटी खूण सांगते. दालनाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात पहिल्या सेती राजाचं काम आहे, आकृत्या दगडातून वर उठलेल्या, नाजूक. दक्षिणेकडे त्याचा मुलगा दुसरा रामसेस, त्याच्या बहुतेक आकृत्या दगडात खोल खोदलेल्या, भरभर होणारं काम, पण उन्हात त्यांच्या सावल्या जबरदस्त पडतात. मला सेतीचं जास्त आवडतं.

खांबावरून काळ ओळखायला शिकायचं असेल तर लक्सरचं देऊळ सगळ्यात सोपं, कारण सगळं एका सरळ रेषेत मिळतं. आत शिरल्यावर पहिलं अंगण दुसऱ्या रामसेसचं, इथले कळीचे खांब गुळगुळीत आहेत, जुडीचे देठ गायब, कारण त्याला खांबावर स्वतःची नावं आणि चित्रं कोरायला सपाट जागा पाहिजे होती. पुढे १४ उमललेल्या खांबांची वाट, आणि तिच्या पलीकडे आमेनहोतेपचं अंगण, तेच ते कोंब खोचलेलं, जिथे प्रत्येक देठ वेगळा दिसतो. म्हणजे आत जाल तसे काळात शंभरेक वर्षं मागे जाता. पहिल्या अंगणात पाच मिनिटं, शेवटच्या अंगणात अर्धा तास, असा वेळ वाटा, आणि परतताना पहिलं अंगण पुन्हा एकदा बघा, आता ते रिकामं रिकामं वाटेल.

सगळे खांब वनस्पतींचेच असतात असं नाही. डेंडेराला हथोर देवीच्या देवळात पुढच्या दालनात २४ खांब आहेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर चारही दिशांना देवीचा चेहरा, गाईचे कान असलेला. चेहरा समोरून दाखवलाय हेच मुळात वेगळं, कारण इजिप्शियन चित्रात माणूस बहुतेक वेळा बाजूने दिसतो. त्या चेहऱ्याच्या वर एक छोट्या देवळासारखा चौकोन आहे, आणि आता पूर्ण खांब परत बघा, खाली लांब दांडा, वर चेहरा, त्यावर पेटी, हा एक भलामोठा खुळखुळा आहे! सिस्ट्रम म्हणतात त्याला, हथोरच्या पूजेत बायका तो वाजवायच्या, देवी शांत व्हावी म्हणून. म्हणजे त्या दालनात पाऊल टाकलं की आपण २४ खुळखुळ्यांच्या मध्ये उभे असतो. बरेच चेहरे नंतरच्या काळात छिन्नीने फोडलेत, ते बघवत नाही, पण कान बहुतेक ठिकाणी शाबूत आहेत.

चौकोनी खांबाला टेकून हात छातीवर घेतलेला राजा उभा दिसला तर तो ओसायरिसच्या, म्हणजे मृतांच्या देवाच्या, रूपातला, अबू सिंबेलच्या मोठ्या देवळात असे आठ आहेत. इथे लोक हमखास एक चूक करतात, त्यांना वाटतं पुतळा छत पेलतोय. पेलतो मागचा खांब, राजा नुसता पुढे उभा असतो. आणि ओसायरिसचीच आणखी एक खूण म्हणजे जेद, वर चार आडव्या पट्ट्या असलेला छोटा खांब, देवाचा पाठीचा कणा मानतात त्याला, अर्थ स्थैर्य. तो इमारतीत भार घ्यायला नसतो, चित्रात, ताइतात, नक्षीत असतो. अबायडोसला सेतीच्या देवळात राजा तो आडवा पडलेला जेद उभा करतोय असं चित्र आहे, ते बघाच.

कर्नाकमध्येच मागच्या बाजूला तिसऱ्या थुतमोसचं उत्सवाचं दालन आहे, तिकडे गर्दी पोचतच नाही. तिथले खांब उलटे आहेत, वर जाड आणि खाली बारीक. ते तंबूचे खांब आहेत, लाकडी, दगडात उतरवलेले, राजाच्या उत्सवाचा मांडव कायमचा उभा करून ठेवलाय. आणि त्याच देवळात आतल्या गाभाऱ्यासमोर त्याच राजाचे दोन ग्रॅनाइटचे चौकोनी खांब जोडीने उभे आहेत, एकावर दक्षिणेच्या राज्याचं लिलीचं फूल, दुसऱ्यावर उत्तरेचा पपायरस. कुठला कुठे असेल ते सांगायला होकायंत्र नको, लिली दक्षिणेला आणि पपायरस उत्तरेलाच.

हे सगळं सुरू कुठे झालं ते बघायचं तर सक्काराला जावं लागेल, जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडकडे, इसवी सनपूर्व २६५०च्या सुमाराचं काम, त्याचा वास्तुकार इमहोतेप याच्या नावाशी जोडलेलं. आत जायच्या वाटेवर ४० खांब आहेत, सुमारे साडेसहा मीटर उंच, जुडीसारखे, पण एकही मोकळा उभा नाही, प्रत्येक खांब मागे एका छोट्या भिंतीने धरून ठेवलाय. दगडाचा एवढा उंच खांब एकटा उभा राहील की नाही याची अजून खात्री नव्हती त्यांना, असं तिथे उभं राहिल्यावर वाटतं. वर बघितलं तर छताचे दगडही खजुराच्या ओंडक्यांसारखे गोल घडवलेले. दगड नवा, आठवण लाकडाची आणि गवताची.

रंगाचं विसरू नका. हे खांब पिवळट-तपकिरी कधीच नव्हते, हिरवे, निळे, लाल, पांढरे होते. खालून वरच्या तुळयांच्या पोटाकडे बघा, जिथे ऊनपाऊस लागला नाही तिथे रंग टिकलाय, मेदिनेत हाबूच्या देवळात तर बराच. आणि एस्नाला नक्की जा, देऊळ आजच्या गावाच्या रस्त्यापेक्षा नऊएक मीटर खाली, खड्ड्यात आहे, रोमन काळातलं दालन, २४ खांब. इथे एकाच फुलावर कुणी थांबलं नाही, पपायरस, लिली, खजूर, द्राक्षं सगळं एकाच माथ्यावर गुंफलंय आणि एकासारखा दुसरा शोधायला गेलात तर दमून जाल. शतकानुशतकांच्या काजळीखाली हे सगळं काळं पडलं होतं, २०१८ पासून सफाई सुरू झाली आणि खालून रंग जसेच्या तसे निघाले. इथे पाठीवर झोपून बघता आलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटचं काम कागद-पेन्सिलचं. फोटो शंभर काढा, पण एका खांबाचं रेखाचित्र जरूर काढा, वाईट आलं तरी चालेल. खालून सुरू करा, बैठक, निमुळता पाय, त्रिकोणी पानं, फुगलेला देठ, पाच दोऱ्या, कळी, ठोकळा. पेन्सिल ज्या क्षणी पायाशी आत वळते त्या क्षणी हाताला कळतं की हे दगडाचं वळण नाही. आणि ते झालं की कर्नाकच्या पहिल्या अंगणात, आत शिरल्यावर उजव्या हाताच्या रांगेत, पहिल्या दरवाजाच्या बाजूला, एक अर्धवट राहिलेला खांब आहे तो शोधा. नुसते खडबडीत ठोकळे एकावर एक रचलेले, कारण आधी असे रचायचे आणि मग वरून खाली घडवत यायचे. याला घडवायला कुणी आलंच नाही. त्याच्या मागे बांधकामाच्या मातीच्या विटांचा उतारही अजून पडलाय. वहीतलं चित्र उघडून त्याच्यासमोर धरा आणि बघा त्या ठोकळ्यांमध्ये पान कुठे आलं असतं, दोरी कुठे, कळी कुठे.